जुन्या पेट्रोल सीजे-३बी जीपचं स्टिअरिंग पन्नासला थरथरतं, पुढे तेल गळतं आणि गरम झाल्यावर बंद पडते: आधी काय बघावं?

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. ताशी पन्नासच्या आसपास खड्डा लागला की स्टिअरिंग नाचायला लागतं, पुढच्या डाव्या चाकामागच्या गोळ्यातून (अॅक्सलच्या टोकाचा गोल भाग) तेल गळतं, आणि घाट चढून थांबलं की इंजिन बंद पडतं ते निवल्यावरच चालू होतं. मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन अजून आहे म्हणता, म्हणून खालचे आकडे त्याचेच आहेत. डिझेल बसवलेल्यांनी इंजिनाचा भाग सोडून बाकीचं वाचावं.

हात लावण्याआधी इंची पाने घ्या. गाडीचं मूळ अमेरिकन विलिजचं, त्यामुळे बहुतेक बोल्ट इंचात आहेत. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर १३ चा पाना बसतो खरा, पण ढिला बसतो आणि गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करतो. दुसरं, जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नट हलत नाही म्हणून पाइप लावून जोर काढण्यापूर्वी स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलाय का ते बघा, नाहीतर स्टड तुटून हातात येईल.

आता थरथर. बरेच गॅरेजवाले स्टिअरिंग डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) बसवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. डॅम्परने लक्षण झाकतं आणि किंगपिनची, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिची, बेअरिंग झिजत राहतात. कारण जवळजवळ नेहमी पुढच्या अॅक्सलमधल्या साचलेल्या प्लेत, म्हणजे ढिलेपणात, असतं, आणि तो क्रमानेच शोधावा लागतो.

सुरुवात टायरपासून. मूळ ६.००-१६ टायरना पुढे २६ आणि मागे २८ पाउंड हवा पुरते. रुंद टायर किंवा बाहेर आलेल्या रिम असतील तर प्रत्येक धक्का जास्त तरफेने स्टिअरिंगवर येतो, म्हणजे बाकी सगळं ठीक असूनही गाडी नाचू शकते.

मग पुढचं चाक जॅकवर उचला, स्टँड लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. ब्रेक लायनर ड्रमला मागच्या प्लेटशी जखडतो, त्यामुळे बेअरिंगचा प्ले लपतो, पण किंगपिनचा लपत नाही.

व्हील बेअरिंग बसवताना चाक फिरवत राहून आतला नट थोडा अडखळेपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे सोडा. लॉक वॉशर घाला, बाहेरचा नट आवळा आणि वॉशरचा कान वाकवायला विसरू नका.

किंगपिनसाठी टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) सोडवावा लागतो. गोळ्याचं ऑइल सीलही काढायचं, कारण त्याचं घर्षण मोजमापात येतं. मग टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून नकल (गोळ्यावर बसून चाकासोबत वळणारा भाग) ओढा. वळवत ठेवायला साडेपाच ते सात किलोचा ताण लागला पाहिजे. हलक्या हाताने वळत असेल तर वरच्या आणि खालच्या टोपीखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढायच्या. शिम ३, ५, १० आणि ३० हजारांश इंचाच्या असतात. एकदम जाड काढू नका. तीन हजारांशची एक वरून, एक खालून काढा, टोपी आवळा, पुन्हा काटा लावा. सगळी एकाच बाजूने काढली तर नकल गोळ्याच्या मध्यावर राहत नाही. बेअरिंगच्या वाटीत रोलरचे खड्डे पडले असतील तर मात्र शिमने भागणार नाही, बेअरिंग आणि वाटी दोन्ही बदला. अशी वाटी तशीच आवळली की स्टिअरिंग सरळ रेषेत अडकतं आणि गाडी रस्त्यावर भटकते.

यानंतर बेलक्रँक, म्हणजे चासीच्या पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरवरची ती फिरती तरफ. स्टिअरिंगची हालचाल तिच्यातून दोन्ही टाय रॉडना जाते आणि सगळ्यात दुर्लक्षित तीच असते. कोणाला तरी स्टिअरिंग थोडं डाव्या-उजव्या बाजूला हलवायला सांगा आणि खालून बघा. बेलक्रँक वळण्याआधी वर-खाली डोलत असेल तर त्याची सुई-बेअरिंग आणि पिन गेली. टाय रॉड एंड त्याच वेळी हाताने चाचपून घ्या.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू शेवटी, आणि चाकं अगदी सरळ असतानाच. आतला कॅम मध्यभागी मुद्दाम घट्ट कापलेला असतो. चाकं वळवून प्ले काढला तर सरळ आल्यावर बॉक्स आवळतो. बॉक्समध्ये ग्रीस ठासण्याची पद्धत चुकीची आहे. कॅम ते बाजूला ढकलतो आणि ते परत येत नाही. तिथे गिअर ऑइलच हवं.

सगळं घट्ट झाल्यावर टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते. बेलक्रँक मध्यावर ठेवा, टायरच्या मध्यावर मागच्या बाजूला अॅक्सलच्या उंचीवर खूण करून अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा पुढे आल्यावर पुन्हा मोजा. पुढचं अंतर १.२ ते २.४ मिमी कमी असावं. पुढे लांब शॅकल (स्प्रिंगची कडी) लावून गाडी उंच केली असेल तर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, मूळच्या तीन अंशांवरून खाली येतो. मग वरचं सगळं करूनही थरथर पूर्ण जाणार नाही.

गळतीचं दोन ठिकाणी बघा. अॅक्सल नळीवरची श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजली असेल तर अॅक्सल गरम झाल्यावर दाब वाढतो आणि तेल सील ढकलून बाहेर येतं. आधी ती साफ करा, फुकटचं काम आहे. मग डिफरन्शियलची पातळी बघा. ती उतरलेली आणि नकल काठोकाठ भरलेला असेल तर अॅक्सलचं आतलं सील गेलंय. बाहेरचं कितीही बदला, गळतच राहील. आतलं शाबूत असेल तरच बाहेरचा अर्धगोल सील आणि फेल्टचा संच बदला. फेल्ट आधी तेलात भिजवा. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, खोल खड्डे इपॉक्सीने भरून घासा, नाहीतर नवं सील पहिल्याच पावसाळ्यात फाटेल. नकलमध्ये १४० नंबरचं गिअर ऑइल किंवा शून्य-शून्य दर्जाचं पातळ ग्रीस चालतं.

नियमित देखभालीत दर १५०० किमीला सगळे ग्रीस निपल, दर ३००० ला इंजिन ऑइल. फिल्टरसकट साधारण पावणेपाच लिटर लागतं, २०डब्ल्यू-४० ठीक आहे. गिअरबॉक्सला १.२ लिटर, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटणारा डबा) दीड लिटर, पुढच्या अॅक्सलला १.२ लिटर. गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं जीएल-४ घाला. काही जीएल-५ तेलांची रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातात. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यात तेल इकडून तिकडे जातं, म्हणून दोन्ही पातळ्या एकाच वेळी बघा. हँडब्रेक धरत नसेल तर ट्रान्सफर केसचं मागचं सील तपासा. तिथलं तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं.

गरम होऊन बंद पडण्याला दोन मुख्य संशयित आहेत. बंद पडल्या क्षणी प्लगची वायर काढून ठिणगी बघा. नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर थंड झाला की निर्दोष दिसतो, म्हणून तपासत न बसता बदलून टाका. पॉइंटचं अंतर अर्धा मिमी, प्लगचं पाऊण मिमी. ठिणगी निळी आहे पण कार्बोरेटरकडे पेट्रोल येत नाही, तर नळीतच पेट्रोलची वाफ झाली आहे. नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर वळवा. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ पडतो, म्हणून ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या.

एवढं काढलंच आहे तर थंड इंजिनावर व्हॉल्व्हही मोजा: इनटेक ०.४५ मिमी, एक्झॉस्ट ०.४० मिमी. या इंजिनात इनटेक वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये आहे. एक्झॉस्टपर्यंत हात घालणं अवघड, म्हणून तो कोणी मोजत नाही. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे. सीट मऊ किंवा झिजलेली असेल तर व्हॉल्व्ह तिच्यात हळूहळू खाली बसतो, अंतर कमी होत जातं आणि टॅपेटचा आवाजही येत नाही. एक्झॉस्टचं अंतर प्रत्येक वेळी घटलेलं दिसलं तर ब्लॉकमध्ये कठीण सीट बसवून घ्यायची वेळ आली आहे, आणि ते काम मशीन शॉपचं आहे.