झाडे लावलेल्या टाकीत रात्री मासे ऑक्सिजनअभावी मरतात का?

दोन फुटी टाकीत खरी झाडे लावल्यास निऑन टेट्रासारखे थव्याने राहणारे मासे रात्री गुदमरून मरतात का, आणि अशा टाकीत पिल्ले होतात का, असे आपण विचारले आहे. मासे मरत नाहीत. हेच मी माझ्या थोरल्या भावाला गेली सहा वर्षे सांगत आहे.

गिरगावातल्या आमच्या घरी ५५ लिटरच्या टाकीत चेरी बार्ब जातीचे १२ छोटे मासे, वॅलिस्नेरिया व क्रिप्टोकोरिन ही पाणवनस्पती आणि भरपूर जावा मॉस (पाण्यातले शेवाळ) होते, आणि आठ महिन्यांत एकही मासा दगावला नव्हता. गणपतीत मी गावी असताना दादाने, केवळ मायेपोटी, एका सकाळी टाकीतले सगळे पाणी उपसले, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ निघेपर्यंत धुतला आणि नळाचेच पाणी भरून तो कामावर गेला. दुपारी वहिनींचा फोन आला की मासे वर येऊन धापा टाकत आहेत; संध्याकाळपर्यंत ९ गेले. दादाचा निष्कर्ष असा की झाडांनी ऑक्सिजन खाल्ला. मासे भर दुपारी, दिवा चालू असताना मेले आणि उजेडात झाडे ऑक्सिजन सोडतात, हे त्याला आजही पटत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने माशांचे कल्ले भाजले, आणि अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे स्पंजातले जिवाणूही त्यानेच मेले. जो तपकिरी गाळ दादाला घाण वाटला, त्याच्याच जिवावर ते मासे जगत होते.

उरलेल्या तिघांत एक मादी होती. चार महिन्यांनी मॉसमध्ये मला ७ पिल्ले दिसली, नुसते डोळे आणि शेपटी. आईबाप स्वतःची अंडी खातात, परंतु दाट मॉसमध्ये काही वाचतात, आणि मुरलेल्या टाकीतले सूक्ष्मजीव हेच पिल्लांचे पहिले अन्न असते.

आपण निऑन घेऊ नका; त्यांना २६ अंशांपर्यंतचे पाणी मानवते आणि मे महिन्यात मुंबईत ते ३० पर्यंत तापते. चेरी बार्ब घ्या. आपल्याकडचे तलावांचे मृदू पाणी त्यांना चालते, मात्र दर आठवड्याला पाव टाकीच पाणी बदला, नव्या पाण्यात अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारे औषध) घाला आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

रात्री झाडेही ऑक्सिजन वापरतात, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे झाडांच्या वाढीसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावणार असाल, तर तो दिव्याबरोबर बंद करा आणि पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. आमच्या टाकीला सिलिंडर कधीच नव्हता, आणि हे दादालाही ठाऊक आहे.