यज्दला जाताय? आधी मुक्कामाचं ठरवा

इराणमध्ये इस्फहानहून शिराझला जाताना वाटेत यज्द शहर आहे. एक दिवस पुरेल का?

जामे मशीद, अमीर चखमाक चौक आणि दौलताबाद बाग एका दिवसात उरकता येतात. पण यज्द उरकून काय हाती लागणार? इथे पाहायची वस्तू म्हणजे ते जुनं मातीचं शहरच. २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलं तेही या शहराला, एखाद्या इमारतीला नव्हे. दुपारी गल्ल्या ओस पडतात आणि संध्याकाळी पुन्हा माणसं दिसू लागतात. ते बघायचं तर दोन रात्री राहा. तिसरी मिळाली तर जवळच्या मेबोदचा मातीचा किल्ला आणि कबुतरखाना बघून या.

सोबत सत्तरीची आई आहे. जुन्या वाड्यात राहावं की नव्या हॉटेलात?

वाड्यातच, पण चौकशी करून. फहादान भागात आणि मशिदीच्या आसपास बऱ्याच जुन्या घरांची हॉटेलं झाली आहेत: मधोमध हौद असलेला चौक, भोवती खोल्या आणि चहा प्यायला गालिचा टाकलेली लाकडी बैठक. अडचण असते ती उंबरठ्यांची, उंच पायऱ्यांची आणि तळघरातल्या खोल्यांची. म्हणून तळमजल्यावरची खोली, खोलीतच कमोड आणि गाडी कुठवर येते, हे तिन्ही आधीच लेखी विचारून घ्या. अनेक गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही, शेवटचा टप्पा बॅग ओढत चालावा लागतो. मोठ्या परदेशी बुकिंग साइटवर इराणची हॉटेलं सहसा नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट बोलणं बरं. नवरोजच्या सुट्टीत, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलचे पहिले दिवस, अख्खा इराण फिरायला निघतो, तेव्हा टाळाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो.

मुंबईत अग्यारीत आम्हाला प्रवेश नसतो. तिथलं अग्निमंदिर आत जाऊन पाहता येतं?

येतं. काचेपलीकडे मोठ्या पात्रात अग्नी तेवत असतो आणि तो बाहेरूनच, पण निवांत पाहता येतो. हा अग्नी इ.स. ४७०च्या सुमारापासून अखंड असल्याची परंपरा आहे. जागा मात्र अनेकदा बदलली. आजची इमारत १९३४ची, भारतातल्या पारशांच्या मदतीने उभी राहिलेली, त्यामुळे ती पाहताना मुंबईकराला ओळखीचं काही दिसलं तर नवल नाही. मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलवाल्यांपैकी अनेकांची मुळं याच यज्दमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत आहेत. शहराबाहेरच्या टेकड्यांवरचे दख्मे, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवायचे गोल मनोरे, आता वापरात नाहीत. ऊन उतरल्यावर वर चढा, आणि ते स्मशान आहे याचं भान असू द्या. फोटोसाठी भिंतीवर चढणारे पर्यटक पाहून मला तरी संताप येतो.

बादगीर आणि कनात बघायला कुठे जावं?

बादगीर म्हणजे वारा पकडून घरात आणणारा मनोरा. दौलताबाद बागेतला सुमारे ३३ मीटर उंच आहे. त्याच्या बरोबर खाली उभे राहा: वर पकडलेला वारा खाली उतरतो, हौदाच्या पाण्यावरून जातो आणि थंड लागतो. कनात म्हणजे डोंगरपायथ्याचं भूजल निव्वळ उतारावर गावात आणणारा भुयारी कालवा. जलसंग्रहालयात ते नीट समजतं. इथल्या कनातींपैकी जार्चची कनात ७० किलोमीटरहून लांब असून जामे मशिदीखालून जाते.

शाकाहारी माणसाचं काय?

जरा कठीण आहे. ‘गूश्त नको’ म्हटलं तर कोंबडी ताटात येऊ शकते. ‘मोर्ग’ही नको असं सांगा. वांग्याचं कश्क-ए-बादेमजान, दही-काकडी, ताजी नान यांवर निभावतं. कोत्ताब, म्हणजे बदाम-वेलचीचं सारण भरून तळलेली पिठीसाखरेतली मिठाई, चाखाच. मात्र पिठात बऱ्याचदा अंडं असतं.

पैसे आणि व्हिसा?

आपली कार्डं तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख न्या. भाव तोमानमध्ये सांगतात आणि नोटेवर रियाल असतात: १ तोमान म्हणजे १० रियाल. भारतीयांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेली व्हिसामाफी २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित झाली. तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा. जाऊ नका असं त्यात म्हटलं असेल, तर जाऊ नका.