त्रेसष्ट अर्ज आणि एकही मुलाखत नाही

"मॅडम, 63 अर्ज केले. एकाही फर्मनं मुलाखतीला बोलावलं नाही. भारतातली डिग्री इथे चालत नाही का? की माझं इंग्रजी कमी पडतंय? बाबा म्हणतात, परत ये."

मार्चच्या सुरुवातीला इंग्लंडहून आलेला हा निरोप. या सुमारास असे निरोप हमखास येतात, कारण इंग्लंडमधल्या वकिली फर्म्सच्या भरतीचा हंगाम तोवर सरत आलेला असतो आणि नकारांचे ईमेल साचलेले असतात. मुलगी सोलापूरची (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). पाच वर्षांचं बीए एलएलबी 61 टक्क्यांनी, मग सनद घेऊन जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे दोन वर्षं ज्युनियरशिप, आणि सप्टेंबर 2025 पासून इंग्लंडमध्ये एक वर्षाचं एलएलएम. कर्ज वडिलांच्या नावावर.

तिला दोनच गोष्टी हव्या होत्या: फर्ममध्ये व्हेकेशन स्कीम, म्हणजे सुट्टीतली एक ते तीन आठवड्यांची पगारी इंटर्नशिप; आणि तिथून पुढे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ट्रेनी सॉलिसिटरची दोन वर्षांची नेमणूक. बऱ्याच मोठ्या फर्म्स ट्रेनी निवडतात ते मुख्यतः आपल्याच व्हेकेशन स्कीममधून, त्यामुळे तिची दिशा बरोबर होती.

डिग्री आणि इंग्रजी यांवर बोलण्याआधी तिच्याकडून एक तक्ता मागवला. प्रत्येक अर्जासमोर फर्मचं नाव, अर्ज पाठवल्याची तारीख, अर्जाची शेवटची तारीख आणि नकार कोणत्या टप्प्यावर आला, एवढंच. तो भरताना निम्मं उत्तर तिचं तिलाच दिसलं.

63 पैकी 27 अर्ज अशा फर्म्सना गेले होते ज्या तिला व्हिसासाठी स्पॉन्सर करूच शकत नव्हत्या. कुठल्याशा गावातली सहा-सात सॉलिसिटरांची फर्म, घरखरेदी, मृत्युपत्रं, घटस्फोट असली कामं. काम चांगलं, पण परदेशी माणसाला नोकरीच्या व्हिसावर ठेवायचं तर फर्मकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे तसा सरकारी परवाना, लागतो. लायसन्स असलेल्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. त्यात फर्मचं कायदेशीर नाव शोधायचं, कारण पाटीवरचं नाव आणि नोंदणीचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. नोंदणीचं नाव फर्मच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडतं. समोर 'स्किल्ड वर्कर' हा मार्ग लिहिलेला आहे ना, तेही बघायचं.

लायसन्स असलं तरी पगाराची अट उरतेच. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला 41,700 पाउंड आहे. नुकतंच शिक्षण संपवलेल्या नवख्यांना सवलत धरून 33,400, आणि शिवाय त्या पदासाठी सरकारनं ठरवलेला दर. आता इंग्लंडच्या लॉ सोसायटीनं, म्हणजे सॉलिसिटरांच्या संघटनेनं, ट्रेनीसाठी सुचवलेला किमान पगार बघा: लंडनमध्येसुद्धा तो तीस हजार पाउंडांच्या आत आहे, आणि तीही नुसती शिफारस. म्हणजे शिफारशीइतकाच पगार देणारी फर्म मनातून कितीही तयार असली तरी स्पॉन्सर करू शकत नाही. लंडनच्या मोठ्या फर्म्स पहिल्या वर्षाच्या ट्रेनीला पन्नास हजारांवर देतात, तिथे ही अडचण येत नाही. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल इथल्या फर्म्सचा आकडा मात्र एकेक करून तपासावा लागतो. "छोट्या फर्ममध्ये स्पर्धा कमी, तिथे आधी शिरून घ्यावं" हा आपल्याकडचा हिशोब परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत तिथे उलटा पडतो, आणि हे पुष्कळांना कर्जाचा पहिला हप्ता फिटल्यावर कळतं.

पुढचे 14 अर्ज मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत गेलेले. मोठ्या फर्म्सचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरला उघडतात आणि उन्हाळी स्कीमची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते. पण कितीतरी फर्म्स अर्ज येतील तसे वाचत, मुलाखती घेत जातात; शेवटच्या तारखेपर्यंत जागा भरत आलेल्या असतात. एलएलएमला गेलेलं मूल सप्टेंबरअखेर पोचतं, घर शोधतं, बँकेचं खातं उघडतं, थंडीशी जमवून घेतं, आणि नोव्हेंबरात पहिला अर्ज उघडतं. त्यामुळे हे काम ऑगस्टमध्ये घरी असतानाच सुरू करावं: दहा-बारा फर्म्स निवडून, त्यांची माहिती वाचून, शिक्षणाचा रकाना भरून ठेवायचा.

या रकान्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. दहा सत्रांतल्या प्रत्येक विषयाचे गुण मागतात, आणि तिनं अर्धे सोडून दिले होते. बारावीचे टक्के तिनं ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या परीक्षेच्या, चौकटीत कोंबले होते. तिथे 'इतर आंतरराष्ट्रीय पात्रता' हा पर्याय शोधायचा असतो. डिग्रीपुढे तिनं स्वतःच्या अधिकारात ब्रिटिश पद्धतीचा वर्ग लिहून टाकला होता. तसं करू नये. 61 टक्के, प्रथम वर्ग, असं आपल्या गुणपत्रिकेवर आहे तेच लिहावं. वर्गात क्रमांक चांगला असेल तर तोही. फर्म तुलना कशी करते, ते भरती विभागाला दोन ओळींचा ईमेल टाकून विचारता येतं, आणि उत्तर बहुधा येतं.

आणखी एक बाब तिला ठाऊकच नव्हती. तिचे सगळे अर्ज उन्हाळी स्कीमचे होते. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळा ही सुट्टी नसते. प्रबंधाचा काळ सहसा टर्ममध्येच धरतात. पूर्णवेळ चालणारी जुलैतली स्कीम मिळाली असती, तर एकतर ती सोडावी लागली असती किंवा व्हिसाची अट मोडली असती. एलएलएमवाल्यांनी डिसेंबरची हिवाळी आणि ईस्टरच्या सुट्टीतली वसंत स्कीम आधी बघावी, आणि सुट्टीच्या अधिकृत तारखा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी घ्याव्यात.

नऊ ठिकाणी ती चाचणीत अडली. वॉटसन-ग्लेसर नावाची ही चाचणी अनेक फर्म्स वापरतात: 40 प्रश्न, 30 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. कायद्याचं ज्ञान त्यात लागत नाही, दिलेल्या वाक्यांतून काय निघतं एवढंच बघतात. तिला हा प्रश्न घातला: 'काही वकील मुंबईत राहतात. मुंबईत राहणारे सगळे लोकलनं प्रवास करतात.' यावरून 'काही वकील लोकलनं प्रवास करतात' हे निघतं का? निघतं. 'काही वकील लोकलनं प्रवास करत नाहीत' हे निघतं का? ती पटकन हो म्हणाली. निघत नाही. 'काही' म्हटल्यानं 'बाकीचे नाहीत' असं ठरत नाही. बाकीच्यांबद्दल इथे काही सांगितलेलंच नाही. शिवाय, मुंबईत सगळेच कुठे लोकलनं जातात, हे आपलं खरं ज्ञानही त्या अर्ध्या तासापुरतं बाजूला ठेवायचं. कोर्टात दोन वर्षं काढलेल्या मुलांना हे जड जातं, कारण कागदात नसलेलं ओळखायची सवय लागलेली असते. अनुमानाच्या भागात पाच पर्याय असतात, आणि 'बहुधा खरं' व 'माहिती अपुरी' यांतला फरक सराव केल्याशिवाय पकडीत येत नाही. रोज एक भाग, घड्याळ लावून, चुकलेल्या प्रश्नाचं कारण वहीत लिहून. दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो.

उरले 13. इथे अर्ज कुणीतरी खरोखर वाचला असणार. 'आमचीच फर्म का?' या प्रश्नाला तिचं उत्तर होतं: 'आपली जागतिक प्रतिष्ठा, दर्जेदार काम आणि सर्वसमावेशक वातावरण मला आकर्षित करतं.' तेराही ठिकाणी हेच, फक्त नाव बदललेलं. एका ठिकाणी तर नाव बदलायचंही राहून गेलं होतं.

अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'ज्येष्ठ वकिलांना संशोधन व मसुदे तयार करण्यात साहाय्य केलं.' म्हटलं, दोन वर्षांत नेमकं काय केलंस ते सांग. आधी म्हणाली, "काही विशेष नाही मॅडम, चेक बाउन्सच्याच केसेस." मग हळूहळू निघालं. ऑफिसमध्ये एका पतसंस्थेच्या नव्वदेक फायली होत्या, सगळ्या कलम 138 च्या. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. तारीख चुकली की पक्षकार अडचणीत. फायली कपाटात आडनावानुसार लावलेल्या, तारखा कारकुनाच्या डोक्यात. हिनं एक्सेलमध्ये प्रत्येक फायलीच्या तिन्ही तारखा मांडल्या, आणि चार फायलींत नोटिशीची मुदत त्याच आठवड्यात संपत असल्याचं तिच्या लक्षात आलं. चारही नोटिसा रजिस्टर्ड पोस्टानं वेळेत गेल्या.

"हे लिहिलं का नाहीस?"

"हे तर कारकुनी काम ना, मॅडम?"

ट्रेनीचं पहिल्या सहा महिन्यांतलं काम बरंचसं असंच असतं: कागदपत्रांची यादी, तारखा, अटी पूर्ण झाल्या की नाही याचा तक्ता. फर्मला तिथे चूक न करणारा माणूस हवा असतो. बार कौन्सिलच्या नियमानुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप सगळ्यांनीच केलेली असते. त्यातली प्रत्येक ओळ 'साहाय्य केलं' अशी संपते, म्हणून सगळ्यांचे अर्ज सारखे दिसतात. तिचा परिच्छेद नव्यानं लिहिला: किती फायली, कोणती अडचण, तिनं काय केलं, काय निष्पन्न झालं. कलम 138 इंग्रज वाचकाला कळणार नाही, म्हणून 'न वटलेल्या धनादेशांच्या फौजदारी तक्रारी, ज्यांत मुदत चुकली तर तक्रारच धोक्यात येते' एवढा खुलासा. मग 'हीच फर्म का' याला धागा आपोआप मिळाला: बँकिंग आणि कर्जवसुलीचं काम जिथे आहे त्या फर्म्स, आणि त्यांनी अलीकडे केलेला एखादा व्यवहार, त्यात ट्रेनीच्या वाट्याला काय आलं असेल याचा विचार. नाव खोडून दुसऱ्या फर्मचं घातलं तर वाक्य खोटं पडलं पाहिजे. तोवर लिहीत राहायचं.

इतकं झाल्यावर खरा मुद्दा आला, जो तिच्या प्रश्नात नव्हताच. तिच्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद होती आणि अखिल भारतीय बार परीक्षाही ती उत्तीर्ण होती. सॉलिसिटर व्हायला तिला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट लागतच नाही. सप्टेंबर 2021 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा आहे. बाकीच्यांना या परीक्षेसोबत दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो (तो चार संस्थांपर्यंत विभागता येतो, विद्यापीठाचं विधी साहाय्य केंद्रही धरता येतं), पण परदेशात वकील असलेल्याला ती अट नाही. पहिल्या भागात 360 बहुपर्यायी प्रश्न, 180-180 च्या दोन पेपरांत. दुसऱ्यात 16 प्रात्यक्षिकं, त्यांतली 12 लेखी आणि चार तोंडी. दोन्हींची फी मिळून जवळजवळ पाच हजार पाउंड, क्लासचे पैसे वेगळे. सहा वर्षांत तीनच संधी मिळतात, आणि पहिल्या भागात निम्म्याच्या आसपासच उमेदवार उत्तीर्ण होतात, त्यामुळे 'बघू देऊन' म्हणत बसायची ही परीक्षा नव्हे. पहिला भाग भारतातल्या केंद्रावरूनही देता येतो. तोंडी भागाला मात्र इंग्लंड किंवा वेल्समध्येच जावं लागतं.

मग ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट कशाला? मोठी फर्म परीक्षेची फी आणि अभ्यासाच्या काळातला भत्ता देते, आणि नोकरी आधी ठरलेली असते. नुसती एसक्यूई उत्तीर्ण झालं म्हणून नोकरी मिळत नाही, व्हिसा तर नाहीच. म्हणून दोन्ही चालू ठेवायचं ठरलं, पण अर्ज बाराच्या वर नाहीत. मोठ्या फर्म्स दोन वर्षं पुढची भरती करतात, त्यामुळे या शरद ऋतूत निवड झाली तरी काम 2028 च्या सुमाराला सुरू होणार, हेही तिनं कागदावर मांडलं.

आधी भारतातल्या कामाला स्थगिती द्यायची घाई नको, असंही तिला सांगितलं. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. त्याचा एसक्यूईतल्या सवलतीवर काय परिणाम होतो, हे तिथल्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीला (सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेला) आधी लेखी विचारायचं.

वडिलांचा फोन वेगळा आला. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, अजून किती काळ राहता येईल. ग्रॅज्युएट व्हिसाचा, म्हणजे शिक्षण संपल्यावर स्पॉन्सरशिवाय राहून काम करू देणाऱ्या व्हिसाचा, अर्ज 31 डिसेंबर 2026 पर्यंत केला तर दोन वर्षं, 1 जानेवारी 2027 पासून केला तर 18 महिने. अर्ज करायचा तो विद्यापीठानं अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं गृहखात्याला कळवल्यावरच. म्हणजे प्रबंधाला मुदतवाढ मागून निकाल लांबवला तर सहा महिने हातचे जातात. हे मुलीला आजच सांगा, म्हटलं. दुसरी गोष्ट, ओळखीतला एक एजंट चार लाखांत स्पॉन्सरशिपसकट ट्रेनीची जागा मिळवून देतो म्हणत होता. खरी फर्म नेमणुकीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राची फी फर्मनंच भरायची असते, ती कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. "त्यानं फर्मचं नाव सांगितलंय का? सांगितलं असेल तर आधी सरकारच्या स्पॉन्सर लायसन्सच्या यादीत बघा," एवढंच त्यांना सांगितलं. नाव त्यांना सांगितलेलं नव्हतं.