किशोरकुमारांच्या योडलिंगचे मूळ ज्याच्याकडे सांगितले जाते, तो जिमी रॉजर्स कोण होता?

आपला प्रश्न असा आहे की, किशोरकुमार यांनी योडलिंग, म्हणजे छातीचा आवाज आणि वरचा पातळ आवाज यांत उड्या मारत गाणे, हे जिमी रॉजर्स नावाच्या अमेरिकन गायकाच्या रेकॉर्डवरून उचलले असे आपल्या वाचनात आले. तर हा गायक कोण, आणि त्याचे काय ऐकावे? उत्तराआधी एक सावधगिरीची सूचना. याच नावाचा आणखी एक अमेरिकन गायक १९५० च्या दशकाच्या अखेरीस गाजला. त्याचा जन्म १९३३ चा, म्हणजे आपल्या रॉजर्सच्या मृत्यूच्या वर्षाचा. यूट्यूबवर शोधताना दोघांची सरमिसळ हमखास होते. मी स्वतः पहिले काही दिवस चुकीच्या माणसाची गाणी मन लावून ऐकत होतो आणि यात योडलिंग नेमके कुठे आहे, या विचाराने हैराण झालो होतो.

रॉजर्सचा जन्म १८९७ च्या सप्टेंबरमधला. मिसिसिपी राज्यातील मेरिडियन हे रेल्वेचे मोठे जंक्शन त्याचे गाव मानले जाते. आई लहानपणीच गेली. वडील रेल्वेमार्गाची डागडुजी करणाऱ्या गँगचे मुकादम होते, आणि पोरसवदा जिमी त्याच गँगमध्ये पाणक्या म्हणून काम करू लागला. या गँगमधील बहुतेक मजूर कृष्णवर्णीय असत, आणि रुळांवरच्या श्रमाच्या लयीत म्हटली जाणारी त्यांची गाणी त्याच्या कानावर पडत राहिली. पुढे तो मालगाडीवर ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार झाला. १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाले. हळूहळू रेल्वेची नोकरी सुटली आणि गाण्यावर पोट भरण्यावाचून फारसा पर्याय उरला नाही. क्षयावर तेव्हा औषध नव्हते, हे लक्षात ठेवल्याशिवाय त्याच्या पुढच्या नऊ वर्षांतील घाई समजत नाही.

त्याची पहिली रेकॉर्ड झाली ती ब्रिस्टल या गावी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी. या गावाच्या मुख्य रस्त्यावरून टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा जाते. तेथे एका टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी राल्फ पीअर या निर्मात्याने तात्पुरता स्टुडिओ थाटला होता, आणि त्याच मुक्कामात पुढे गाजलेल्या कार्टर या गायक कुटुंबाचेही ध्वनिमुद्रण झाले. रॉजर्स आला होता आपल्या साथीदारांच्या ताफ्यासह. पण लेबलवर नाव कोणाचे छापायचे यावरून आदल्या दिवशी वाद झाला, ताफा फुटला, आणि रॉजर्सने व बाकीच्यांनी वेगवेगळे गायचे ठरवले. रॉजर्सने गिटार घेऊन एकट्याने दोन गाणी दिली. एक युद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या प्रेयसीचे, तर दुसरे जुने अंगाईगीत, ज्यात योडलिंग होते. मोबदला मिळाला शंभर डॉलर.

या दोन गाण्यांची निवड सोपी गेली नव्हती, आणि त्यामागचे कारण व्यावहारिक आहे. पीअरची मिळकत गाण्यांच्या प्रकाशन-हक्कांवर चालत असे, त्यामुळे ज्यावर हक्क सांगता येईल असेच गाणे त्याला हवे असे. रॉजर्सकडे मात्र शहरात लोकप्रिय झालेल्या, दुसऱ्यांच्या मालकीच्या गाण्यांचा भरणा होता. यावर तोडगा म्हणून पुढे त्याची मेहुणी एल्सी मॅकविल्यम्स हिने त्याच्यासाठी अनेक गाणी रचली, आणि इकडून तिकडून ऐकलेल्या सुट्या ओळी जुळवून नवे गाणे उभे करण्याची त्याची स्वतःची हातोटीही तयार झाली. ‘लोकसंगीत’ हा शब्द त्याच्या बाबतीत मला म्हणूनच अपुरा वाटतो. रेकॉर्डच्या एका बाजूवर मावतील अशी, तीन मिनिटांत संपणारी गाणी तो जाणीवपूर्वक घडवत होता.

आता योडलिंगकडे वळतो. छातीचा आवाज लावलेला असताना एकदम वरच्या पातळ, खोट्या आवाजात उडी मारायची आणि पुन्हा खाली यायचे, ही त्यातली मूळ क्रिया आहे. आपल्याकडे मींडेत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. येथे नेमके उलट आहे. दोन आवाजांमधला सांधा लपवायचा नसतो, तो तुटताना ऐकू यावा लागतो. रॉजर्स हे करणारा पहिला नव्हे. जॉर्जियातील रायली पकेट या अंध गायकाने १९२४ मध्येच रेकॉर्डवर योडलिंग केले होते. रॉजर्सने केले ते असे की त्याने योडल ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका गानप्रकाराच्या, कडव्याला जोडले. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसऱ्या ओळीत त्या दोहोंचा निकाल, आणि शब्द संपले की योडल. ३० नोव्हेंबर १९२७ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे ध्वनिमुद्रित झालेले ‘ब्लू योडल’ हे या पद्धतीचे पहिले गाणे. त्याला एवढा खप आला की त्याने पुढे याच नावाची क्रमांकवार मालिका चालवली. अशा एकूण तेरा रचना आहेत.

त्याचा आवाज मोठा नव्हता. १९२५ नंतर कर्ण्याऐवजी मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण होऊ लागले म्हणूनच असा शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज रेकॉर्डवर उतरू शकला. दहा वर्षे आधी त्याला कोणी उभे केले असते की नाही, याची मला शंका आहे.

ऐकायला सुरुवात मात्र मी पहिल्या क्रमांकापासून करायला सांगणार नाही. जुलै १९३० मध्ये लॉस एंजेलिसला झालेले ‘ब्लू योडल क्रमांक ९’ आधी लावा. त्यात ट्रम्पेट जॅझमधला विख्यात वादक लुई आर्मस्ट्राँगचा आहे आणि पियानो त्याची पत्नी लिल हार्डिन आर्मस्ट्राँग हिचा, पण रेकॉर्डच्या लेबलवर या दोघांचे नाव नाही. ज्या काळात कंपन्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलाकारांच्या रेकॉर्डच्या याद्याही वेगळ्या ठेवत, त्या काळातले हे ध्वनिमुद्रण आहे. ब्लूजचे आवर्तन साधारणपणे चार मात्रांच्या बारा विभागांचे असते. रॉजर्स मात्र मनाला येईल तिथे मात्रा वाढवतो किंवा गाळतो. तालात मुरलेल्या कानाला हे प्रथम खटकते. मग लक्ष ट्रम्पेटकडे द्यावे: गायक सम कुठे ठेवणार हे आर्मस्ट्राँग ओळीगणिक हेरतो आणि तिथे जाऊन उभा राहतो. मी हे गाणे निव्वळ त्या साथीसाठी कितीतरी वेळा ऐकले आहे.

त्यानंतर १९२८ चे ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ ऐकावे, ज्याच्या सुरुवातीला तो तोंडानेच आगगाडीच्या शिट्टीची नक्कल करतो, आणि १९३१ चे ‘टी.बी. ब्लूज’, ज्यात तो स्वतःच्याच रोगावर गातो. अनाथ बालके आणि म्हाताऱ्या आया यांवरची त्याची भावविवश गाणी मला सोसत नाहीत. ती वगळली तरी चालेल.

किशोरकुमारांविषयी एवढेच सांगता येईल की त्यांच्या बाबतीत रॉजर्स आणि न्यूझीलंडचा गायक टेक्स मॉर्टन ही दोन नावे नेहमी घेतली जातात, आणि रॉजर्सच्या रेकॉर्ड ‘ट्विन’ या लेबलवर हिंदुस्थानात विकल्या जात होत्या, म्हणजे त्या येथे कानावर पडणे सहज शक्य होते. स्वभाव मात्र निराळा. किशोरकुमारांचे योडलिंग बहुधा खेळकर असते, तर रॉजर्सच्या योडलमध्ये गाणे हसरे असले तरी एक थकवा जाणवतो. या रेकॉर्ड केनियातही पोहोचल्या होत्या. तेथील किप्सिगिस लोकांनी ‘जिमी रॉजर्स’चे ‘चेमिरोचा’ करून त्यावर स्वतःची गाणी रचली, आणि आफ्रिकी संगीताचे संग्राहक ह्यू ट्रेसी यांनी ती १९५० मध्ये ध्वनिमुद्रित केली. तीही अवश्य ऐकावीत.

सहा वर्षांहून कमी काळात रॉजर्सने सुमारे ११० गाणी ध्वनिमुद्रित केली. १९२९ नंतरच्या महामंदीत रेकॉर्डचा धंदा बसला होता, त्याच्या औषधपाण्याचा आणि सढळ हाताचा खर्च मात्र चालूच होता, म्हणून मे १९३३ मध्ये तो पुन्हा न्यूयॉर्कला गेला. दोन गाण्यांच्या मधे पडून राहता यावे यासाठी स्टुडिओत खाट टाकलेली होती. २४ मे रोजी शेवटचे गाणे त्याने, ब्रिस्टलला गायला होता तसेच, केवळ स्वतःच्या गिटारवर गायले. २६ तारखेला हॉटेलच्या खोलीत तो गेला, तेव्हा ३५ वर्षांचा होता. शव मेरिडियनला आगगाडीनेच आणले.