वाचकांचे प्रश्न : मोरपंखी नेमका कोणता?

प्रश्न : येवल्याहून मोरपंखी पैठणी आणली. दुकानातल्या दिव्याखाली निळी वाटली, घरी अंगणात हिरवी दिसते. त्यावर ब्लाउजपीसही जुळत नाही. फसवणूक झाली का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : नाही. मोरपंखी बहुधा धूपछाव विणीत मिळतो : ताणा (उभे धागे) निळा, बाणा (आडवे धागे) हिरवा. साडी हलली की कधी उभ्या धाग्यांवरचा उजेड डोळ्यांत येतो, कधी आडव्या, म्हणून रंग फिरतो. पदराच्या टोकाच्या दशा (सुटे धागे) पाहा. त्या ताण्याच्याच असतात, त्यामुळे तो रंग तिथे सुटा दिसतो. बाण्याचा रंग उलट्या बाजूला, काठाला लागून धागा वळतो तिथे दिसेल. दोन्हीकडे एकच रंग असेल तर सूतच त्या रंगात रंगवलेलं आहे, धूपछाव नाही.

दुकानातला दिवाही बघा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भरपूर असतो, पण निळ्या-हिरव्याच्या मधला पट्टाच क्षीण असतो, म्हणून मोरपंखी तिथे निळ्याकडे झुकतो. पिवळ्या बल्बखाली हाच रंग हिरव्याकडे झुकतो. म्हणून साडी दाराशी, दिवसाच्या उजेडात आणि निऱ्या पाडून बघावी. सपाट घडीवरून अंदाज येत नाही.

ब्लाउजसाठी मधला रंग शोधत बसू नका, एकरंगी कापड धूपछावला सगळ्या कोनांतून जुळणारच नाही. दशांचा निळा किंवा बाण्याचा हिरवा, यांतला एक घ्या. आमचं मत निळ्याला, हिरवा मग साडीतच उठून दिसतो.

रंगांच्या नावांवर मात्र विसंबू नका. पिरोजी हे नाव पिरोजा खड्यावरून आलं, त्याचा निळा तांब्यामुळे, आणि लोह वाढलं की खडा हिरवट होतो. रामा हा निळसर हिरवा त्याहून गडद. पण दुकानागणिक छटा बदलते, तेव्हा फोनवर नाव सांगून मागवण्यापेक्षा धाग्याचा तुकडा पाठवा.

प्रश्न : आजीचं हिरवं रेशमी लुगडं घडीच्या कडेला निळं पडलंय, आत हिरवंच आहे. धुवावं का? (एक वाचिका, नाशिकरोड)

उत्तर : धुवू नका, तो डाग नाही. पानांचा हिरवा रंग रेशमावर टिकत नाही, म्हणून रंगारी आधी सूत निळीच्या (इंडिगोच्या) कुंडात बुडवत. कुंडातून काढताना ते पिवळट-हिरवं असतं, हवा लागली की निळं होतं. त्यावर हळदीसारखा पिवळा चढवला की हिरवा. हळद उजेडाने उडते, नीळ राहते. तुमच्या लुगड्याच्या कडेला नेमकं हेच झालेलं दिसतं. रंग कारखान्यातला असला तरी त्यातला पिवळा भाग कच्चा निघाला की असंच होतं.

उडालेला पिवळा परत येत नाही. साबण-सोडा तर लावूच नका, क्षाराने हळद लालसर होते. लुगडं धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर त्याच रेषेवर रेशीम चिरतं. वारा द्यायचा तो सावलीतच.