आमिश लोक वीज वापरत नाहीत, मग त्यांचे लाकडी फर्निचर कसे तयार होते?

आमिश या अमेरिकेतील जुन्या वळणाच्या ख्रिस्ती समाजाचा आक्षेप मुख्यतः सार्वजनिक वीजवाहिनीशी घर जोडण्याला आहे, सरसकट यंत्रांना नाही. ओहायो राज्यातील होम्स काउंटीत अनेक सुतारखान्यांत डिझेल इंजिन हवा दाबून टाकीत भरते आणि त्या दाबावर, नळ्यांतून आलेल्या हवेने, ओक किंवा चेरीच्या फळ्यांना भोके पाडणारी व पॉलिशपेपर फिरवणारी हत्यारे चालतात. कशाला परवानगी द्यायची हे प्रत्येक स्थानिक चर्च-मंडळी ‘ओर्डनुंग’ या आपल्या नियमावलीनुसार ठरवते. त्यामुळे शेजारच्या दोन मंडळ्यांतही फरक आढळतो. जमीन महागल्यावर अनेकांची शेती सुटली, तेव्हा घरालगतच्या सुतारकामाने बापलेकांना दिवसभर एकत्र ठेवले, आणि मला या व्यवसायाचे खरे मोल तिथेच वाटते.