‘पेशींची वाढ आणि वृद्धी’: एक शब्द की दोन?

इंदूरच्या रामबागेतून एका निवृत्त जीवशास्त्र शिक्षिकेने प्रश्न पाठवला आहे. आयुष्यभर त्यांनी हिंदी माध्यमात शिकवलं. आता वस्तीतल्या मराठी ज्येष्ठांसाठी त्या कर्करोगावर एक टिपण लिहीत आहेत. त्यातलं वाक्य असं : ‘मिक हा प्रतिलेखन घटक पेशींची वाढ आणि वृद्धी नियंत्रित करतो.’ (मिक, इंग्रजीत Myc, हे एका जनुकाचं आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचंही नाव. प्रतिलेखन म्हणजे जनुकाची आरएनए-नक्कल काढणं.) ते ऐकून त्यांच्या मावशींनी विचारलं, ‘वाढ आणि वृद्धी एकच ना? मग दोनदा कशाला?’ मावशींचं बरोबर की टिपणातलं, असा त्यांचा प्रश्न.

ताई, शब्दांपुरतं मावशींचं बरोबर आहे. ‘वृध्’ धातूवरून ‘वृद्धी’ आली आणि प्राकृतातून घासून-पुसून ‘वाढ’ही त्याच घरातून आली. दोन्ही शेजारी ठेवल्याने अर्थ दोन होत नाहीत. शिवाय जुन्या घरांत ‘आम्हाला वृद्धी आहे’ म्हणजे भाऊबंदांत मूल जन्मलं आहे, सोयर आहे. तुमच्या ज्येष्ठ श्रोत्यांपैकी कुणाला आधी तेच आठवेल.

पण तुम्हाला म्हणायच्या गोष्टी मात्र खरोखर दोन आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवायलाच हव्यात. एक, पेशी आकाराने मोठी होणं. दुसरी, पेशींची संख्या वाढणं. मराठीत ‘वाढ’ दोन्हींना पुरते आणि म्हणूनच घोटाळा होतो. ‘मुलं आजोळी वाढली’ आणि ‘यंदा वर्गात मुलं वाढली’ यांत क्रियापद तेच, पण पहिल्यात मुलं मोठी झाली, दुसऱ्यात पटावरचा आकडा फुगला. संदर्भ असला की आपण चुकत नाही. ‘पेशींची वाढ’ म्हटलं की तो संदर्भच उरत नाही.

माळव्यात गव्हाची शेती पाहिलेल्यांना हा फरक सांगायला नवे शब्द घडवावे लागणार नाहीत. गव्हाला फुटवे येतात ती संख्या. दाणा पोसतो तो आकार. मी तर लिहीन, ‘पेशी पोसते’ आणि ‘पेशी दुभागून संख्येने वाढतात’. संख्या वाढण्यासाठी ‘प्रचुरोद्भवन’ वगैरे भारदस्त शब्द या टिपणात नको. तो ऐकून कुणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

हा फरक शास्त्रज्ञांनी किती नेमका तपासला आहे ते पाहा. फळमाशीतलं मिक जनुक अधू झालं की माशी लहानखुरी राहते, कारण तिच्या पेशीच लहान राहतात. उलट ते जादा चालवलं तर पेशी मोठ्या होतात, पण विभाजनाचा एकूण वेग फारसा बदलत नाही. हे १९९९ मध्ये दिसलं. पुढे २००१ मध्ये उंदरांत मिक कमी करून पाहिलं. उंदीरही लहान झाले, पण त्यांच्या पेशी नेहमीच्याच आकाराच्या होत्या. त्या संख्येने कमी भरल्या. दोन्ही प्राणी खुजे, कारणं मात्र वेगळी! दोन्हींना नुसतं ‘वाढ खुंटली’ म्हटलं तर या प्रयोगांचं सगळं मर्मच हरवतं. मिक दोन्ही कामांत हात घालतं. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं तयार करणारी यंत्रणा, वाढवून ते पेशीला पोसतं आणि विभाजनाचं चक्र फिरवणाऱ्या जनुकांनाही जागं करतं. कुठे कोणतं काम ठळक दिसेल ते प्राण्यावर आणि अवयवावर अवलंबून असतं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला जास्त काळजीचं वाटतं ते. तुमच्या वाक्यातला धोक्याचा शब्द ‘नियंत्रित’ हा आहे. मराठीत नियंत्रण म्हणजे आवर. ‘साखर नियंत्रणात आहे’, ‘गर्दीवर नियंत्रण ठेवलं’. तुमचं वाक्य ऐकणारे आजोबा समजतील की मिक पेशींना आवरून धरतं, म्हणजे कर्करोगापासून वाचवतं. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मिक रेटा देतं. आवर घालणारी प्रथिनं वेगळी, पी-५३ आणि आरबीसारखी. आजारपणाच्या विषयात असा उलटा अर्थ घरोघरी जाणं फार वाईट.

निरोगी पेशीत हा रेटा बेताचा असतो. वाढीचा संदेश आला की मिक तयार होतं. पण ते फार टिकत नाही, साधारण २० ते ३० मिनिटांत निम्मं मोडून जातं. संदेश थांबला की तेही ओसरतं. बर्किट लिंफोमा या कर्करोगात आठव्या गुणसूत्रावरचं मिक जनुक तुटून बहुधा चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. प्रतिपिंडांचं ते जनुक बी-पेशींत, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या रक्तातल्या पेशींत, सतत जोरात चालू असतं, त्यामुळे मिकही चालूच राहतं. इतर अनेक कर्करोगांत जनुकाच्या प्रती वाढून किंवा वाढीचे संदेश न थांबल्यामुळे तेच घडतं. म्हणून ‘नियंत्रित करतो’च्या जागी ‘चालना देतं’ लिहा.

‘घटक’ही बदलावा असं मला वाटतं. आपल्याकडे घटक म्हणजे मिश्रणातला एक पदार्थ. मिक हे प्रथिन आहे. मॅक्स नावाच्या जोडीदाराबरोबर ते डीएनएवरच्या ठरावीक अक्षरांवर बसतं आणि तिथल्या जनुकाची आरएनए-नक्कल काढायला लावतं. तेव्हा वाक्य असं करता येईल : ‘मिक हे प्रथिन अनेक जनुकांना कामाला लावतं. त्याच्या चालनेने पेशी पोसते आणि दुभागून पेशींची संख्याही वाढते. निरोगी शरीरात ही चालना गरजेपुरती असते. अनेक कर्करोगांत ती थांबत नाही.’

आणि इंदूरसाठी एक खास सूचना. हिंदीत शिकलेल्यांना ‘पेशी’ म्हटलं की मांसपेशी आठवते, नाहीतर कोर्टाची तारीख. पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘पेशी, म्हणजे हिंदीतली कोशिका’ एवढं जरूर लिहा. ‘प्रतिलेखन’ हा शब्द टिपणात कुठे ठेवलाच, तर हिंदी पुस्तकांत त्याला अनुलेखन म्हणतात, तेही तिथेच सांगून टाका.